मास्तरांची मिनिटं

डोंगर किती उंच आहे हे मोजायला यंत्रं आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो, हे मोजायला मात्र यंत्र चालत नाही. त्याला माणूस लागतो. द्राक्षमळ्यांच्या त्या गावात हा माणूस म्हणजे मास्तर.

गाव परातीत ठेवल्यासारखं खोलगट जागी होतं. भोवती टेकड्या आणि टेकड्यांवर द्राक्षांचे मळे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक. पाच टेकड्यांच्या माथ्यावर एकेक लाकडी बाक आणि एकेक लोखंडी कठडा होता. तिथे उभं राहून खाली बघायचं. पाहुणे त्याला काय काय नावं देत, गावकरी नुसतं कठडा म्हणत. सगळ्यात उंच तो मोठा कठडा. पाहुणे सकाळी टेकडी चढत, वरून मळे बघत, उतरून तळघरात वाइन चाखत आणि दोन बाटल्या काखोटीला मारून घरी जात. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक पिवळी पाटी असे. तिच्यावर काळ्या अक्षरांत कठड्याचं नाव आणि तिथवर पोचायला लागणारी मिनिटं.

ही मिनिटं येतात कुठून, हा प्रश्न कुठल्या पाहुण्याला पडला नाही. माणसाचा पाटीवर फार विश्वास असतो. तेवढा माणसावर नसतो.

तर ती अशी येत. गावात एक वाटा समिती होती. दर पाच वर्षांनी, वेलींना नवी पानं फुटली की, समितीचा ठरलेला चालणारा प्रत्येक वाट एकदा चालून जाई. त्याला जेवढी मिनिटं लागत तेवढी पाटीवर जात. नियम चार होते. चालणाऱ्याने मध्ये थांबायचं नाही. घड्याळ बघायचं नाही. घड्याळ दुसऱ्याने धरायचं, त्याने मागून चालायचं, आणि त्याने वाटभर तोंड उघडायचं नाही, कारण गप्पा मारताना माणूस एकतर हळू चालतो नाहीतर भांडणात वेगाने. चौथा नियम असा की चालणारा स्वतःहून घड्याळ परत करेपर्यंत तोच चालणारा.

मास्तरांची निवड झाली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. निवडीचं कारण समितीच्या वहीत नोंदवलेलं आहे : 'फार वेगाने चालत नाहीत, फार हळूही चालत नाहीत, आणि खोटं बोलत नाहीत.' घड्याळ धरायला त्यांचा मेहुणा होता. तो पाट्या रंगवणारा, म्हणजे वर पोचल्याबरोबर आकडा त्याच्याच कानावर पडावा हे सोयीचं. मेहुणा स्वभावाने भयंकर बोलका. त्याला घटकाभर गप्प बसवणं म्हणजे उकळत्या किटलीला बूच मारणं. पण मोजणीच्या दिवशी तो ओठ मिटून मास्तरांच्या मागे चाले, आणि वर पोचून आकडा सांगितला की उतरताना सगळी भरपाई करी.

पहिल्या मोजणीत मोठ्या कठड्याला पन्नास मिनिटं लागली. पुढच्या वेळी एक्कावन्न. मग त्रेपन्न, छप्पन्न, साठ, सहासष्ट, चौऱ्याहत्तर. मागच्या खेपेला पंच्याऐंशी.

वहीत आकड्याच्या शेजारी 'कारण' म्हणून एक रकाना होता. वेळ बदलली तर का बदलली ते तिथे लिहायचं. मास्तरांनी तो दरवेळी सुवाच्य अक्षरात भरला होता. 'वळणावर नवं कुंपण आल्याने वळसा पडतो.' 'पावसाने वाट धुपली आहे.' 'दगड निसटते झाले आहेत.' 'वारा समोरून होता.' मास्तर खोटं बोलत नसत. कुंपण खरोखर आलं होतं, आणि वारा खरोखर समोरून होता. टेकडी दर पाच वर्षांनी थोडी लांब का होते, याचं त्यांना नवल वाटे. पण निसर्गात अशा गोष्टी घडतात, असं त्यांनी स्वतःच वर्गात चौतीस वर्षं शिकवलं होतं.

यंदा मास्तर एकाहत्तर वर्षांचे होते आणि मोजणीचं वर्ष होतं.

याच वर्षी त्यांची नात तिसरीत होती. ही गोष्ट मोजणीहून मोठी. तिसरीच्या वर्गाला दरवर्षी एक दिवस मोठ्या कठड्यावर न्यायचं, हे मास्तरांनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी सुरू केलं होतं. वर पोचल्यावर प्रत्येक मुलाने खालच्या गावात आपलं घर शोधायचं आणि मग गावाचा नकाशा काढायचा. निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी शाळा मास्तरांना बोलावी. घर कसं शोधायचं ते तेच शिकवत. कठड्याला पाठ लावून, मुलांकडे तोंड करून ते उभे राहत, आणि मुलांची बोटं कुठे वळताहेत त्यावरून कोण चुकलंय ते सांगत. नातीने चार वर्षांची असल्यापासून विचारायला सुरुवात केली होती, "माझी तिसरी कधी?" आता ती तिसरी आली होती.

आणि शाळेच्या नियमांत असं होतं की बारा वर्षांच्या आतल्या मुलांना दीड तासाहून लांबच्या चढावर न्यायचं नाही. वरच्या ऑफिसला परवानगीचा अर्ज करायचा, त्याला पाटीचा फोटो जोडायचा. पाटीवर नव्वदच्या वर मिनिटं दिसली की अर्ज नामंजूर. मग तिसरीचा वर्ग जाणार बुटक्या कठड्यावर. बुटक्या कठड्यावरून फक्त वाइनच्या टाक्यांची झाकणं दिसतात. तिथून कोणाला आपलं घर सापडायचं नाही. टाकीत राहत असेल तर गोष्ट वेगळी.

थंडीत मास्तरांच्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली होती. म्हणून मोजणीच्या दोन आठवडे आधी ते एकटेच मोठ्या कठड्यावर जाऊन आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून खिशातलं घड्याळ बघितलं. एक तास त्रेचाळीस मिनिटं.

उतरताना त्यांनी कारण शोधलं. वाट नीट न्याहाळली. दोनच वर्षांपूर्वी समितीने अवघड जागी दगडी पायऱ्या बसवल्या होत्या, धरायला दोर लावला होता. कुंपणवाल्याने कुंपण काढलं होतं. वारा पडलेला होता. रकान्यात लिहिण्याजोगं काही मिळेना.

मागचे आकडे एकदा ताडून पाहावेत, म्हणून दुसऱ्या दिवशी ते मेहुण्याच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे घरामागची एक लांबोडी खोली. टर्पेन्टाइनचा वास, ब्रशांनी भरलेले डबे, आणि उतरवलेल्या जुन्या पाट्या. मेहुणा काही टाकून देत नसे. जुन्या पाट्यांची त्याने फळीची मांडणी केली होती, स्टूल केलं होतं, मांजराला आत-बाहेर करायला झडप केली होती. बरोबर नात होती. तिचं वय दिसेल ते मोठ्याने वाचायचं होतं. मास्तर मोठ्या कठड्याच्या पाट्या धुंडाळत होते आणि ती मांडणीजवळ बसून वाचत होती.

"तळं, बारा मिनिटे. तळं, तेरा मिनिटे. तळं, चौदा मिनिटे. मामाआजोबा, मांजराच्या दारावर सोळा आहे."

"असेल," मेहुणा म्हणाला.

"आणि आता रस्त्यावर आहे ती वीस." नातीने थोडा विचार केला. "आजोबा, तळं लांब लांब कसं काय जातंय?"

मेहुण्याने एक धुतलेला ब्रश उचलला आणि तो पुन्हा धुवायला घेतला.

मास्तर वळले. तळ्याची वाट म्हणजे गावातली सगळ्यात सोपी वाट. शाळेच्या फाटकापासून तळ्यापर्यंत सिमेंटची, पट्टीने आखल्यासारखी सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना भिंत. तिथे धुपायला माती नाही, निसटायला दगड नाही, वळसा घालायला जागा नाही. त्या वाटेसाठी आपण मागच्या खेपेला काय कारण लिहिलं होतं ते मास्तरांना आठवलं. 'वर्दळ वाढली.' तळ्याच्या वाटेवर वर्दळ करतात ती फक्त बदकं.

मास्तर शिक्षक होते. पाच टेकड्या लांब गेल्या तर टेकड्यांत काहीतरी असेल. पण सपाट रस्ताही तेवढ्याच बेताने लांब गेला, तर मग सगळ्या वाटांत सारखी गोष्ट कोणती, हे शोधायचं असतं. हे ते दुसरीतल्या मुलांनाही शिकवत. सारखी गोष्ट एकच होती, आणि ती मांजराच्या झडपेसमोर टोपी हातात घेऊन उभी होती.

ते स्टुलावर बसले. स्टुलावर लिहिलं होतं, 'मोठा कठडा, ५६ मिनिटे'.

"तुला ठाऊक होतं?"

"दाजी, मी रंगारी. तुम्ही जो आकडा सांगाल तो मी काढतो."

"आकडा तू मला सांगतोस. घड्याळ तुझ्या हातात असतं."

"म्हणून तर पहिल्यांदा मला कळलं."

"कधी?"

"साठ झाले तेव्हा. तोवर नुसती मिनिटं होती. मग 'एक तास' लिहावं लागलं. पाटी चार बोटं रुंद करावी लागली. तेव्हाच म्हटलं, ही टेकडी काही खरी नाही."

"वीस वर्षं झाली त्याला. बोलला नाहीस."

"बोलायचं नाही असा नियम आहे."

"तो चढताना. उतरताना तर तुझं तोंड मिटत नाही."

"उतरताना दुसरे विषय असतात," मेहुणा म्हणाला.

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"अहो, सगळ्या गावाला माहीत आहे," ती म्हणाली. "बसवाला पाहुण्यांना उतरवतानाच सांगतो, पाटीवरच्यातून पाचवा हिस्सा वजा करा. बेकरीत कोणी म्हणालं, पाच मिनिटांत येतो, तर बेकरीवाली विचारते, घड्याळाची पाच का मास्तरांची पाच."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घड्याळ परत केलं असतं. मग घरात बसून माझी मिनिटं मोजली असती. भाजीला किती लागली, केर काढायला किती लागली." तिने चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. "धरा. आणि डॉक्टर म्हणतात, चाललं पाहिजे."

मास्तरांनी चादर धरली. लाल होती.

"ही जुनी कशाला काढलीस?"

"तिसरी वर जाते त्या दिवशी मी ही गच्चीवर टाकते. दरवर्षी. वरून दिसावी म्हणून."

"मला कधी दिसली नाही."

"तुम्ही कधी खाली बघितलंत?" ती म्हणाली आणि चादर ओढून घेतली.

समितीची बैठक त्या आठवड्यात होती. समितीची खोली द्राक्षं तोलायच्या शेडच्या वर होती. खाली हंगाम नसला तरी खोलीला आंबूस वास कायमचा. अध्यक्ष होता पिंपवाला. गावातल्या सगळ्यात मोठ्या तळघराचा मालक, पन्नाशीचा, आणि मास्तरांचा जुना विद्यार्थी. शाळेच्या मुख्याध्यापक बाई होत्या, त्याही मास्तरांच्याच हाताखालून गेलेल्या. आणि मेहुणा होता.

मास्तरांनी उभं राहून सगळं सांगितलं. एक तास त्रेचाळीस, तळ्याची वाट, बदकं. सांगताना त्यांनी फळ्यावर दोन ओळीत आकडे मांडले, वर वय आणि खाली मिनिटं. कोणी चकित झालं नाही. बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं.

"ठीक आहे," पिंपवाला म्हणाला. "मग यंदा एकोणनव्वद लिहू."

"कशावरून?"

"शाळेचा नियम नव्वदचा आहे. एकोणनव्वद लिहिलं की मुलं वर जातील. तुमची नात जाईल. आणि मास्तर, खरं सांगू का, मोठा आकडा गावाच्या फायद्याचा आहे. पाहुणा पाटीवर जवळजवळ दीड तास वाचतो, वर पोचतो सव्वा तासाच्या आत. त्याला वाटतं आपण कोणी पहिलवान आहोत. खाली येतो तो छाती काढून आणि एक बाटली जास्त घेतो. तुमच्या गुडघ्यावर अर्धं गाव उभं आहे."

"मी चौतीस वर्षं सांगितलं," मास्तर म्हणाले, "उत्तर आधी लिहून मग गणित सोडवू नका. तुलाही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," पिंपवाल्याने कबूल केलं. "मी तेव्हाही तेच करायचो."

"म्हणून तुला नापास केलं होतं."

"दोनदा."

मास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. कोणी हात पुढे केला नाही. घड्याळाऐवजी तिथे सापाचं पिल्लू ठेवलं असतं तरी माणसं एवढीच मागे सरकली असती.

"नियमात बसतं," मास्तर म्हणाले. "मी स्वतःहून परत करतोय. आता दुसरा चालणारा निवडा."

निवडणं सोपं नव्हतं. बाई पायाने वादळ होत्या. त्यांच्या मिनिटांवर विश्वास ठेवून पाहुणे निघाले असते तर अर्ध्या वाटेवर स्ट्रेचर ठेवावं लागलं असतं. पिंपवाला तळघराच्या पायऱ्या उतरायचा तेवढाच चाले. सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं.

"मी चाळीस वर्षं दाजींच्या मागे चाललोय," मेहुणा म्हणाला. "मला त्यांची पाठ माहीत आहे. वाट माहीत नाही."

मग मास्तरांनीच तोड काढली. ती त्यांनी आदल्या रात्रीच काढून ठेवली होती, पण वर्गाने आधी स्वतः विचार करावा म्हणून थांबले होते. ते म्हणाले, चालणारा कसा हवा, फार वेगाचा नाही, फार हळू नाही. असा एक माणूस शोधला की तो पुढे म्हातारा होतो. त्यापेक्षा तिसरीच्या वर्गाला चालू द्या. वीस मुलं आहेत. त्यांत पळणारी आहेत, रेंगाळणारी आहेत. सगळ्यांची मिनिटं मिळवायची आणि वीसने भागायचं. पाच वर्षांनी नवी तिसरी येईल. तिसरी कधी म्हातारी होत नाही.

"पण तिसरीला सरासरी नाहीये, सर," बाई म्हणाल्या. "चौथीत आहे."

"यंदा असेल," मास्तर म्हणाले.

"आणि परवानगी?"

"आजच्या तारखेला पाटीवर पंच्याऐंशी आहे. फोटो काढा आणि अर्ज टाका. मोजणी आणि कठड्याचा दिवस एकच धरा."

पिंपवाल्याने विचार केला. "पाटीवर आकडा पन्नास-साठ आला तर पाहुण्यांची छाती कशी फुगणार?"

"ते तू बघ," मास्तर म्हणाले. "तुला दोनदा नापास केलं तरी आज अध्यक्ष आहेसच ना. काहीतरी सुचेल."

ठरलेल्या दिवशी हवा स्वच्छ होती. वीस मुलं तोलायच्या शेडसमोर जमली. पाठीवर दप्तर, दप्तरात पाव, चीज, उकडलेलं अंडं आणि नकाशाचा कागद. मास्तरांनी नियम सांगितले. ढकलाढकली नाही, वेलीला हात लावायचा नाही, शर्यत नाही. शेवटचा नियम सांगितल्यावर मुलांनी एकमेकांकडे बघून बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. घड्याळ बाईंच्या हातात होतं. बाईंनी हात खाली केला आणि वर्ग मळ्यात शिरला. थोडा वेळ वेलींच्या ओळींमधून टोप्या दिसल्या, मग नुसतेच आवाज आले, मग तेही वळणामागे गेले.

नात वळणावर थांबली होती. "आजोबा, तुम्ही?"

"तू जा. मोजणी आहे. थांबायचं नाही."

"पण घर कोण दाखवणार?"

"मी येतोय. तोवर डबे खा."

ती गेली. मास्तर आणि मेहुणा मागून निघाले. आज मास्तर चालणारे नव्हते, म्हणून मेहुणा पहिल्यांदाच त्यांच्या शेजारून चालला.

"आज बोललास तरी चालेल," मास्तर म्हणाले.

"हो," मेहुणा म्हणाला.

पुढचा अर्धा तास तो काही बोलला नाही. चाळीस वर्षांची सवय. तिसऱ्या बांधावर मास्तरांचा गुडघा अडला तेव्हा ते थांबले. थांबणं आता नियमाविरुद्ध नव्हतं. दोघं बांधाच्या कडेला टेकले. वेलींना नखाएवढी पानं होती. खाली तारा ओढून वेली नव्याने बांधल्या होत्या.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला कळलं तर तुम्ही मला घराबाहेर काढाल."

"घर तुझं आहे. कारखाना तुझा आहे. मी कुठून काढणार?"

"ते आहेच." मेहुण्याने गवताची काडी तोडली. "मागच्या वेळी मी पंच्याऐंशी सांगितलं ना, ते सत्त्याऐंशी होतं."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं.

"दोनच मिनिटं," मेहुणा म्हणाला. "वर पोचलात तेव्हा तुमचा चेहरा असा होता, म्हटलं दोन सोडून द्यावीत."

मास्तर गुडघ्यावर हात ठेवून उठले. "खाली गेल्यावर वहीत दुरुस्ती करायची. तांबड्या शाईने."

"करू."

ते माथ्यावर पोचले तेव्हा मुलांचे डबे खाऊन झाले होते. कोणीतरी अंड्याची टरफलं कठड्यावर ओळीने मांडली होती. बाईंनी घड्याळ बघितलं आणि विचारलं नसतानाही हळूच सांगितलं, "एक तास सत्तेचाळीस, सर."

मास्तरांनी मान डोलावली. घर शोधायला मुलं आपल्यासाठी खोळंबली असतील, ही त्यांची चिंता होती. पण कोणी खोळंबलेलं नव्हतं. उलट एकोणीस मुलं जमिनीवर मांडी घालून नकाशे काढत होती आणि त्यांच्या पुढे, कठड्याला पाठ लावून, मुलांकडे तोंड करून नात उभी होती.

"बोट तिकडे नको," ती एका मुलाला सांगत होती. "ती पिंपवाल्याची टाकी. तू टाकीत राहतोस का?"

"सगळ्यांना घर सापडलं," बाई म्हणाल्या. "तिनेच दाखवलं. आम्ही थांबणार होतो तुमच्यासाठी, पण..."

"नाही, नाही. बरं केलंत," मास्तर म्हणाले. इथे आता त्यांना काही काम उरलेलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि जागा मोकळी होती म्हणून बाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षांत ते या बाकावर बसले नव्हते. बाक थोडा हलत होता. त्याचं तोंड गावाकडे होतं.

नात त्यांच्यापाशी आली.

"आजोबा, तुम्हाला तुमचं घर सापडलं?"

मास्तरांनी खाली बघितलं. गाव होतं, गच्च्या होत्या, आणि त्यांतल्या एका गच्चीवर लाल चादर, टपाल तिकिटाएवढी. ती बघताक्षणी डोळ्यात भरत होती. डोळे असलेल्या कोणालाही दिसली असती.

"अजून नाही," ते म्हणाले.

"घाई करू नका," नात म्हणाली. ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचं बोट धरलं. "आधी तळं शोधा. सापडलं? आता तळ्यापासून सरळ वाट. ती संपते तिथे शाळा. आता शाळेतून रोज घरी जाता तसं जायचं, फक्त बोटाने. फाटक. मग बेकरी. आता कुठे वळणार?"

"उजवीकडे."

"नीट विचार करा."

"डावीकडे."

"बरोबर."

मास्तरांना घर केव्हाच दिसलं होतं. पण शिकवणारा शिकवत असताना त्याला मध्ये तोडू नये. ते सावकाश, बेकरीवरून, पंपावरून, एकेक दार ओलांडत बोट नेत राहिले, आणि शेवटी लाल चादरीवर टेकवलं.

"शाब्बास," नात म्हणाली. "पण तुम्हाला जरा वेळ लागला."

भागाकार खाली आल्यावर शाळेच्या फळ्यावर झाला. वीस मुलांच्या मिनिटांची बेरीज अकराशे ऐंशी आली. पहिल्या मुलाला बेचाळीस मिनिटं लागली होती. शेवटच्याला ब्याऐंशी, कारण तो वाटेतल्या सगळ्या वेलींचे खांब मोजत गेला होता. भागाकार आला एकोणसाठ. मेहुण्याने त्या आठवड्यात नवी पाटी रंगवली. 'तास' हा शब्द गेल्याने ती पुन्हा चार बोटं अरुंद झाली. पुढच्या शनिवारांना तिसरीने बाकीचे चार कठडे आणि तळंही मोजून काढलं. तळं पुन्हा बारा मिनिटांवर आलं.

पिंपवाल्याला काही सुचावं लागलं नाही. पाहुणे आता पाटीवर एकोणसाठ वाचून निघत, सत्तर मिनिटांनी धापा टाकत वर पोचत आणि खाली येऊन आधी खुर्ची मागत. पूर्वी ते अभिमानाने एक बाटली जास्त घेत. आता दुःखाने घेत. तळघराला फरक पडला नाही.

वही भरायची राहिली होती. मास्तरांनी ती घरी आणली, चष्मा लावला आणि आधी तांबड्या शाईने मागच्या मोजणीतला पंच्याऐंशीचा आकडा सत्त्याऐंशी केला. मग खालच्या ओळीत काळ्या शाईने लिहिलं : 'मोठा कठडा, ५९ मिनिटे.' पुढे कारणाचा रकाना होता. अठ्ठावीस मिनिटांचा फरक होता, आणि वेळ बदलली तर कारण लिहिलंच पाहिजे. बायकोने चहा आणून ठेवला. तो निवेपर्यंत त्यांनी विचार केला, मग नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'टेकडी होती तेवढीच आहे. चालणारा बदलला.'